गणपतीची इंडोनेशियन नोट: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

भाद्रपद जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो हमखास फिरतो. हिरवी नोट, एका गृहस्थांचा चेहरा आणि डाव्या बाजूला गणपती. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, "मुस्लिमबहुल देशाच्या नोटेवर आपला बाप्पा!" ऑक्टोबर २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी भारतीय नोटांवर लक्ष्मी-गणपती छापावेत अशी मागणी करताना याच नोटेचा दाखला दिला होता. तेव्हापासून ओळखीतली, अनोळखी कितीतरी माणसं मला विचारतात: ही नोट कुठे मिळेल, खरी कशी ओळखायची, किती पैसे द्यायचे? परदेशी नोटांच्या छंदाची सुरुवात या एका नोटेपासून झाली अशी माणसं महाराष्ट्रात बरीच भेटतात. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: नोट कोणती ते नीट समजून घ्या

ही बँक इंडोनेशियाची, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेची, २०,००० रुपियाची नोट आहे, १९९८ च्या मालिकेतली. कागदी आहे, प्लास्टिकची नाही. जगभरचे संग्राहक नोटा ज्या क्रमांकाने ओळखतात त्या पिक क्रमांकानुसार ही १३८. अल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाच्या नावावरून ती पद्धत पडली. नोट शोधताना 'इंडोनेशिया, पी-१३८' एवढं सांगितलंत की समोरच्या विक्रेत्याला कळतं की तुम्ही थोडा अभ्यास करून आला आहात. भाव सांगताना त्याचाही सूर बदलतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही. ही नोट आज चलनात नाही. ३१ डिसेंबर २००८ ला बँक इंडोनेशियाने ती चलनातून काढून घेतली. त्यानंतर दहा वर्षं बँकेत बदलून मिळत होती, तीही मुदत २०१८ च्या अखेरीस संपली. म्हणजे आता या नोटेवर जकार्तात चहासुद्धा मिळणार नाही.

माझ्या मावसबहिणीने बालीहून येताना मुद्दाम २०,००० च्या पाच कोऱ्या नोटा आणल्या होत्या. विमानतळावरच उघडून बघितल्या तर गणपती कुठेच नाही. तिच्या हातात आलेल्या नोटांवर साम रातुलांगी हे राष्ट्रीय नेते होते. बिचारी इतकी हिरमुसली! तेव्हा बाली किंवा जकार्ताला कुणी निघालं असेल तर "येताना गणपतीची नोट आण" असं सांगून काही उपयोग नाही. मनी चेंजरकडे ती असणार नाही. ती मिळेल फक्त नाणी-नोटा विकणाऱ्यांकडे, मग ते तिथले असोत वा इथले.

दुसरी पायरी: नोट वाचायला शिका

नवखी माणसं नोट घेतात, गणपती बघतात, नमस्कार करतात आणि ठेवून देतात. नमस्कार जरूर करा, पण त्याआधी ती भिंगाखाली धरा आणि अर्धा तास द्या. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरेसं आहे.

नोटेवर किंमत शब्दांत लिहिली आहे: दुआ पुलूह रिबू रुपिया. दोन, दहा, हजार, रुपिया. 'दुआ' आणि आपला 'दोन' यांचा काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. 'रुपिया' मात्र आपल्या रुपयाचा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ संस्कृत 'रूप्य' मध्ये.

चेहरा आहे तो 'की हाजार देवांतारा' यांचा ('की' हा नावाचाच भाग). हा माणूस कोण हे कळल्याशिवाय गणपती तिथे का आहे हे कळत नाही, म्हणून इथे थोडं थांबू या.

त्यांचा जन्म २ मे १८८९ चा, जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहरातल्या राजघराण्यातला. मूळ नाव सुवार्दी सूर्यनिंग्रात. त्या नावातला सूर्य आपल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो. तेव्हा इंडोनेशियावर डचांचं राज्य होतं. १९१३ मध्ये नेपोलियनच्या जोखडातून सुटल्याची शंभरी साजरी करायचं डचांनी ठरवलं आणि त्या सोहळ्यासाठी वसाहतीतल्या लोकांकडूनही वर्गणी गोळा करायला घेतली. सुवार्दींनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचा आशय असा की मी डच असतो, तर ज्या लोकांचं स्वातंत्र्य आम्ही हिरावलं आहे त्यांच्याच देशात आणि त्यांच्याच पैशाने आमच्या स्वातंत्र्याचा उत्सव केला नसता. याची शिक्षा म्हणून त्यांना हद्दपार करून नेदरलँडला धाडलं. तिथे त्यांनी शिक्षणशास्त्र अभ्यासलं, माँटेसरी आणि टागोर यांचे विचार समजून घेतले.

परत आल्यावर ३ जुलै १९२२ ला त्यांनी योग्याकार्तात 'तामान सिस्वा' ही शाळा काढली. तामान म्हणजे बाग आणि सिस्वा म्हणजे आपला शिष्य. शिष्यांची बाग! राजघराण्याचं नाव त्यांनी सोडून दिलं आणि 'की हाजार देवांतारा' झाले. त्यातला 'देव' सांगायला नकोच. १९३२ मध्ये डच सरकारने परवान्याशिवाय चालणाऱ्या खासगी शाळांवर बंधनं आणणारा हुकूम काढला, तेव्हा ते त्याविरुद्ध उभे राहिले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. २ मे हा त्यांचा जन्मदिवस इंडोनेशियात राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळतात. शिक्षकाने पुढे राहून उदाहरण घालून द्यावं, मध्ये राहून उमेद जागवावी, मागे राहून बळ द्यावं, ही त्यांची शिकवण. तिच्यातले शेवटचे शब्द, 'तुत वुरी हांदायानी', तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या बोधचिन्हावर आहेत.

आता नोट उलटी करा. मागे शाळेचा वर्ग आहे, विद्यार्थी शिकत बसलेले.

शिक्षक, वर्ग आणि गणपती. चित्रकाराने काय मांडलं आहे ते आता आपोआप दिसतं. हा विद्येचा गणपती आहे. आपल्याकडे पाटीपूजनाला मुलाच्या हातून 'श्रीगणेशा' लिहून घेतात, तोच. इंडोनेशियात ही ओळख धर्मापलीकडे रुजलेली आहे. बांडुंगच्या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेच्या बोधचिन्हावर गणपती आहे, आणि ती संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावही गणेशा. योग्याकार्ताजवळच्या प्रंबाननच्या नवव्या शतकातल्या शिवमंदिरात पश्चिमेच्या गाभाऱ्यात गणपतीची मूर्ती आहे. देवांतारा त्याच परिसरातले.

जावाच्या जुन्या दगडी मूर्तींमध्ये गणपती बसतो तो बहुधा दोन्ही तळपाय एकमेकांना लावून, लहान बाळ बसतं तसा. आपल्याकडच्या मूर्तींपेक्षा ही बैठक वेगळी. संग्रहालयांतले फोटो एकदा बघून ठेवा आणि मग नोटेवरचा गणपती बघा, डोळा तयार होतो.

एक कथा मात्र बाजूला ठेवा. रुपिया कोसळला, कुणीतरी गणपती छापायला सुचवलं आणि चलन सावरलं, असं फोटोखाली नेहमी लिहिलेलं असतं. १९९७ च्या मध्याला एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडत होते, जून १९९८ मध्ये हा आकडा १६,००० च्या आसपास गेला, हे खरं. पण त्यानंतर रुपिया पुन्हा २,४०० च्या जवळपासही कधी आला नाही. बाप्पाच्या माथी चलनबाजाराचं काम मारायची गरजच काय? शिक्षकाशेजारी विद्येची देवता, हे कारण नोटेवरच छापलेलं आहे आणि मला ते जास्त सुंदर वाटतं.

तिसरी पायरी: खरी की खोटी

ही नोट चलनात नसली तरी तिच्या रंगीत झेरॉक्स प्रती विकल्या जातात. तिजोरीत, देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून लॅमिनेट करून, कधी चौकटीत घालून. लॅमिनेट केलेली नोट घेऊच नका. आत खरी नोट असली तरी संग्राहकाच्या दृष्टीने ती गेलीच, आणि प्लास्टिकच्या आवरणामुळे तपासताही येत नाही.

नोट हातात घेऊन तीन गोष्टी करा. उजेडासमोर धरा: कागदाच्या आतून चेहऱ्याचं जलचिन्ह दिसलं पाहिजे. त्याच्या छटा मऊ असतात, एकातून दुसरी उमलल्यासारख्या. छापून काढलेलं खोटं जलचिन्ह सपाट आणि कडा असलेलं दिसतं. त्याच वेळी कागदात विणलेला सुरक्षा धागाही दिसेल. मग बोटाच्या टोकाने चेहऱ्यावरून आणि मोठ्या अक्षरांवरून हळूच हात फिरवा, शाई किंचित उंचवट्यासारखी लागते. शेवटी भिंग. खऱ्या नोटेवर गणपतीच्या सोंडेच्या वळणावर बारीक, अखंड, स्वच्छ रेघा दिसतात. झेरॉक्सवर त्याच जागी रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसते. हा फरक एकदा बघितला की जन्मात विसरत नाही.

चौथी पायरी: नोटेची प्रत, म्हणजे दर्जा, ओळखणं

भावातला सगळा खेळ इथे आहे. एकच नोट, पण घडी पडली की किंमत निम्म्याहून खाली येते. बाजारातले शब्द असे: 'यूएनसी' म्हणजे कोरी, बँकेच्या गड्डीतून निघाली तशी, एकही घडी नाही. 'एयू' म्हणजे जवळपास कोरी, एखादी पुसट घडी किंवा मोजताना पडलेला वळ. 'एक्सएफ' मध्ये दोन-तीन घड्या, पण कागद अजून कडक. 'व्हीएफ' मध्ये वापर स्पष्ट दिसतो. त्याखालच्या नोटा या नोटेच्या बाबतीत घेऊ नका, कारण चांगल्या प्रती मुबलक आहेत.

माझी पहिली गणपतीची नोट मी एका प्रदर्शनात कोरी म्हणून घेतली. गुळगुळीत, सपाट, चकचकीत. घरी येऊन खिडकीशी उभी राहिले, नोट डोळ्यांच्या पातळीला आडवी धरली आणि उजेड तिच्या अंगावरून तिरका जाऊ दिला. मधोमध, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी एक रेघ. त्या रेघेवर शाई जराशी तुटलेली होती. नोटेला घडी होती आणि कुणीतरी ती इस्त्री करून, दाबून सपाट केली होती. चेहऱ्यावरून बोट फिरवलं तर शाईचे उंचवटेही बसलेले. पैसे कोऱ्याचे गेले होते. ती नोट मी अजून ठेवली आहे आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्यांदा तीच देते.

म्हणून सवय लावा: नोट नेहमी तिरक्या उजेडात बघायची, समोरून येणाऱ्या उजेडात नाही. चारही कोपरे टोकदार आहेत का बघा. पिनेची भोकं उजेडापुढे धरल्यावर ताऱ्यांसारखी चमकतात. आणि हलकेच हलवून आवाज ऐका, कोरा कागद करकरतो. धुतलेली नोट मऊ पडते, तिचा आवाज जातो.

परदेशी प्रमाणन संस्थांनी प्लास्टिकच्या डबीत बंद करून ७० पैकी गुण दिलेल्या नोटाही मिळतात. सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका. या नोटेच्या बाबतीत त्या प्रमाणपत्राचाच खर्च नोटेपेक्षा जास्त होतो.

पाचवी पायरी: वर्ष आणि क्रमांक

इंडोनेशियाच्या नोटांवर दोन वर्षं असतात. एक मालिकेचं, या गणपतीच्या नोटेवर ते १९९८. दुसरं छपाईचं, बारीक अक्षरांत सरकारी छापखान्याच्या नावाशेजारी. ही नोट पुढची काही वर्षं छापली जात होती, त्यामुळे मालिकेचं वर्ष तेच, पण छपाईची वर्षं वेगवेगळी सापडतात. पहिल्या नोटेला याची फिकीर करू नका. पण पुढे प्रत्येक छपाई वर्षाची एकेक नोट गोळा करणं हा फार आनंदाचा उद्योग आहे.

अनुक्रमांकात आधी तीन अक्षरं, मग सहा आकडे. पहिलं अक्षर 'एक्स' असेल तर ती बदली नोट. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली, आपल्याकडे चांदणीवाली नोट असते तशी. ती तुलनेने कमी आणि अर्थात महाग. विक्रेत्याकडे गड्डी असेल तर क्रमांक चाळून बघायला लाजू नका. शेवटी ७८६, जन्मतारीख किंवा एकसारखे आकडे शोधणारेही खूप आहेत. ती ज्याची त्याची आवड, मात्र त्यासाठी किती जास्त द्यायचे हे आधीच मनाशी ठरवा.

सहावी पायरी: खरेदी

पुण्या-मुंबईत दरवर्षी नाण्या-नोटांची प्रदर्शनं भरतात, पहिली खरेदी तिथेच करा. तिथे नोट हातात घेऊन बघता येते आणि दहा टेबलांवरचे भाव अर्ध्या तासात कळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारातही नोटा दिसतात. तिथे डोळा तयार झाल्यावर जा.

ऑनलाइन घेणार असाल तर मागची-पुढची दोन्ही बाजूंची, तुम्ही घेणार त्याच नोटेची छायाचित्रं मागा. अनुक्रमांक दिसला पाहिजे. 'अतिदुर्मिळ' हा शब्द दिसला तर पान बंद करा. साधारण दहा वर्षं चलनात असलेली, मोठ्या देशाची रोजच्या वापरातली नोट दुर्मिळ नसते. भाव बघताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. आणि गणेशोत्सवाच्या आधीच्या पंधरवड्यात घेऊ नका. त्या दिवसांत मागणी वाढते आणि भावही. मार्गशीर्षात घ्या, तोच विक्रेता तीच नोट कमी किमतीत देतो.

"२०,००० ची नोट आहे, एवढे तर द्यायलाच हवेत," असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आजच्या दराने २०,००० रुपिया म्हणजे आपले शंभर रुपयांच्या आसपास, आणि ही नोट तर बदलूनही मिळत नाही. तुम्ही जे देता ते कागदाच्या प्रतीचं मोल आहे.

सातवी पायरी: जपणूक

आपल्याकडे नोटेचे शत्रू दोन: पावसाळा आणि कसर. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी तर फारच सांभाळावं. नोट पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. बाजारातले स्वस्त, वास येणारे, मऊ पीव्हीसीचे अल्बम टाळा. त्यातून काही वर्षांनी चिकट द्रव सुटतो आणि तो शाईवर डाग पाडतो. अल्बम उभा ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्याआधी बदला. डांबराच्या गोळ्या अल्बमात नकोत, प्लास्टिक खराब होतं. सेलोटेप, स्टेपलर, रबरबँड यांचं तर नावही काढू नका.

देव्हाऱ्यात ठेवायची इच्छा बऱ्याच जणांना होते. माझ्या आईलाही झाली. हळदीकुंकवाचं बोट, निरांजनाची काजळी आणि धुपाचा ओलसर धूर यातून कागद वाचत नाही. मी तिच्यासाठी वापरलेली, घडीची एक साधी नोट वेगळी घेतली. ती देव्हाऱ्यात, कोरी अल्बमात. दोघी खूश.

पुढे काय?

एक नोट हाती आली की साखळी आपोआप सुरू होते. मला आवडणारा मार्ग म्हणजे एकाच किमतीच्या नोटांचं घराणं जमवणं. २०,००० रुपियाच्या नोटा १९९२ पासूनच्या आहेत. पहिल्या मालिकेवर चेंद्रावासिह हा 'बर्ड ऑफ पॅराडाइज' पक्षी आणि मागे लवंग, १९९५ लाही तेच चित्र. मग १९९८ चे देवांतारा आणि गणपती. २००४ ला ओतो इस्कंदर दी नाता हे आणखी एक राष्ट्रीय नेते आले, मागे चहाचा मळा. २०१६ पासून साम रातुलांगी, २०२२ च्या नव्या मालिकेतही तेच. सगळ्या मिळून एक पान भरतं आणि खर्च फार होत नाही. दुसरा मार्ग बालीचा: २००५ च्या मालिकेतली ५०,००० ची नोट घ्या, मागे बेरातान तलावातलं उलून दानू मंदिर आहे.

प्रत्येक पाकिटामागे एक छोटी चिठ्ठी लावा, पेन्सिलने लिहिलेली: देश, किंमत, पिक क्रमांक, छपाईचं वर्ष, प्रत, कुठून घेतली, कधी, कितीला. चिठ्ठी पाकिटाच्या बाहेर लावायची, नोटेला टेकता कामा नये. माझ्या त्या इस्त्रीवाल्या नोटेच्या चिठ्ठीवर प्रतीच्या रकान्यात आधी 'कोरी' लिहिलं होतं, ते खोडून खाली 'एक्सएफ, दाबलेली' असं लिहिलं आहे. खोडलेला शब्द तसाच ठेवला आहे.